हाताला झेपणारी गणिते

लक्ष्मीपूजनाची अमावास्या कधी लागते आणि कधी संपते हे आपण पंचांग उघडून पाहतो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर. दर बारा अंशांची एक तिथी. हे अंतर शून्य झाले की अमावास्या संपली. व्याख्या एका ओळीत मावते. पण तो क्षण आधी वर्तवायचा तर त्या वेळी चंद्र कुठे असेल हे ठाऊक हवे, आणि चंद्राला पृथ्वीबरोबर सूर्यही ओढत असल्यामुळे या प्रश्नाने खुद्द न्यूटनला भंडावून सोडले होते.

शार्ल-यूजेन दलोने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या एका प्रश्नाला आयुष्याची वीस वर्षे दिली. त्याने आकडे न घालता सगळी गणिते अक्षरांनी केली, म्हणजे चंद्राच्या कक्षेचा कल, तिची विकेंद्रता वगैरे राशी अक्षरेच ठेवून शेवटपर्यंत बीजगणित चालवले. दहा वर्षे आकडेमोडीत गेली, पुढची दहा ती तपासण्यात. प्रत्येकी सुमारे नऊशे पानांचे दोन खंड १८६० आणि १८६७ मध्ये निघाले. (१८६० हेच केरो लक्ष्मण छत्रे यांच्या 'ग्रहसाधनाची कोष्टके' या मराठी ग्रंथाचे वर्ष. पंचांगाच्या शुद्धीची आपल्याकडची धडपड आणि पॅरिसमधली ही बैठक एकाच काळातली आहे, एवढीच नोंद करतो.) १८७२ मध्ये शेरबूर बंदराजवळ नाव उलटून दलोने बुडाला. त्याचे गणित बरोबर की चूक, हे हाताने पुन्हा तपासायची हिंमत नंतर शंभर वर्षे कोणी केली नाही.

१९७० मध्ये सिएटल येथील बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत आंद्रे द्प्री, जाक आंरार आणि आर्नल्ड रोम यांनी ते संगणकावर तपासले. हा संगणक आकडे नव्हे, अक्षरे हाताळत होता. काम वीस तासांत झाले आणि अठराशे पानांत तीन चुका सापडल्या.

ही हकिकत संगणकाच्या थोरवीसाठी नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. दलोनेच्या प्रश्नात नवे भौतिकशास्त्र काहीच नव्हते. गुरुत्वाकर्षणाचा नियम आपला बारावीचा विद्यार्थी लिहितो तोच. अडले होते ते फक्त हाताच्या आवाक्यापाशी. आणि एकदा हे लक्षात आले की आपल्या पाठ्यपुस्तकांकडे पाहण्याची नजर बदलते. ज्या गणितांना आपण 'मूलभूत' म्हणतो ती निसर्गाच्या दृष्टीने मूलभूत आहेत म्हणून पुस्तकात आली, की हाताला झेपतात म्हणून? गणिती सॉफ्टवेअरचा इतिहास मी गेली काही वर्षे वाचतो आहे तो या प्रश्नापायी.

लंबकाचेच घ्या. मी तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि दर जूनमध्ये तेच वाक्य फळ्यावर लिहिले : आवर्तकाल हा लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आयामावर अवलंबून नसतो. गॅलिलिओने १६०२ मध्ये गुइदोबाल्दो देल मोन्ते यांना लिहिलेल्या पत्रात लंबकाचा हा गुण सांगितला आहे. तो खरा नाही. हायगेन्झला ते ठाऊक होते, म्हणून तर १६७३ च्या ग्रंथात त्याने घड्याळाच्या लंबकाला चक्रजाच्या वाटेने झुलवण्याची युक्ती दिली. एक मीटर लांबीचा लंबक अगदी थोडा हलवला तर २.००६ सेकंदांत आवर्तन पूर्ण करतो. वीस अंशांपर्यंत ओढून सोडला तर २.०२२ सेकंद लागतात; नव्वद अंशांवरून सोडला तर जवळजवळ २.३७. एकशेसत्तर अंशांवरून सोडला (दोरीऐवजी हलकी दांडी घेऊन) तर आवर्तकाल पुस्तकी उत्तराच्या २.४४ पट होतो.

मग पुस्तकात लहान कोनच का? कारण कोनाच्या ज्येऐवजी नुसता कोन लिहिला की विकलक समीकरण सुटते. ज्या तशीच ठेवली तर एक असे संकलन समोर येते की जे ओळखीच्या कोणत्याही फलात बसत नाही. त्याची कोष्टके लेजांद्रने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करून ठेवली, पण ती आमच्या क्लार्कच्या टेबलांत नव्हती. म्हणून आम्ही 'कोन लहान आहे असे मानू' म्हणायचो आणि पुढे जायचो. हवेचा विरोध नगण्य आहे असे मानू. दोरी वजनरहित आहे असे मानू. पृष्ठभाग घर्षणरहित आहे असे मानू. या 'मानू'ची सवय इतकी जडते की विद्यार्थ्याला वाटू लागते, भौतिकशास्त्र म्हणजे जिथे हवा नसते त्या जागेचे शास्त्र.

हवा ज्यांना नगण्य मानता येत नव्हती ते तोफखान्याचे लोक होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके करण्यासाठी गणित शिकलेल्या तरुण मुलींना नोकरीवर घेतले गेले. त्यांच्या हुद्द्याचे नावच 'कॉम्प्युटर' होते. एका मार्गाला टेबलावरच्या यंत्रावर सुमारे वीस तास लागत. एनिॲक हा अवाढव्य संगणक बांधला गेला तो याच कामासाठी, आणि तो तेच गणित अर्ध्या मिनिटात करू लागला. त्याची जुळणी करणाऱ्या पहिल्या सहा जणी त्याच हिशेबनीस मुलींतून निवडलेल्या होत्या. विटीदांडूच्या विटीचे किंवा क्रिकेटच्या चेंडूचे गणितही मुळात हेच. अकरावीला शिकवतो तो अन्वस्त फक्त निर्वातात खरा.

हे काम हातानेही करता येते हे दाखवणारा एक अध्यापक होता. १९६१ मध्ये कॅल्टेकच्या प्रथम वर्षाच्या वर्गात रिचर्ड फाइनमन यांनी ग्रहाची कक्षा फळ्यावर कोष्टक मांडून काढली. पुढे छापल्या गेलेल्या व्याख्यानांच्या पहिल्या खंडात नववे प्रकरण पाहावे. ग्रह इथे आहे, वेग एवढा आहे; तर एकदशांश एकक काळानंतर तो कुठे असेल? मग तिथला प्रवेग काढा, वेग बदला, पुन्हा पुढे. बेरीज, गुणाकार आणि एक वर्गमूळ, बस्स. संकलनाचे एकही सूत्र न वापरता कागदावर कक्षेची वक्ररेषा उमटत जाते. हे प्रकरण मी विद्यार्थिदशेत वाचले होते, पण त्याकडे गंमत म्हणून पाहिले. खरी पद्धत म्हणजे सूत्राची, ही आपली तडजोड, असा आमच्या पिढीचा पक्का समज. फाइनमन नेमके उलटे सुचवत होते : न्यूटनचा नियम स्वतःच एक कृती आहे, ती पायरीपायरीने करत जा, सूत्र मिळाले तर तो नशिबाचा भाग.

ही कृती यंत्राकडून करून घेताना भौतिकशास्त्रालाच धक्का बसला, त्याची कथा मात्र याआधीची आहे. लॉस अलामोस येथे एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांनी मॅनिॲक या संगणकाला एक साधेच गणित घातले. स्प्रिंगांनी जोडलेल्या गोळ्यांची एक रांग. स्प्रिंग अगदी आदर्श असेल तर गणित हाताने सुटते. त्यांनी स्प्रिंगमध्ये किंचित वाकडेपणा घातला आणि विचारले, एका कंपनाला दिलेली ऊर्जा हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल ना? तिघांनाही उत्तर माहीत आहे असे वाटत होते. यंत्राने निराळेच सांगितले : ऊर्जा काही कंपनांत फिरते आणि पुरेसा वेळ थांबले तर जवळजवळ सगळी पहिल्या कंपनाकडे परत येते. मे १९५५ मध्ये अहवाल निघाला तेव्हा फर्मी हयात नव्हते. सॉलिटॉन आणि केऑस या दोन्ही विषयांच्या वाटा या अहवालाजवळून जातात.

हे गणित यंत्राच्या भाषेत लिहिले आणि चालवले ते मेरी सिंगू यांनी. अहवालात त्यांचे आभार तळटीपेत आहेत; लेखकांत नाव नाही. पन्नासहून अधिक वर्षे हा प्रश्न तीन पुरुषांच्या आद्याक्षरांनी ओळखला गेला. २००८ मध्ये तिएरी दोक्स्वा यांनी 'फिजिक्स टुडे'मध्ये लेख लिहून ही बाई कोण ते सांगितले, आणि आता अनेक जण चौथे अक्षर जोडतात. प्रश्न विचारणे हे संशोधन आणि तो यंत्राला समजेल असा लिहिणे ही कारकुनी, ही वाटणी त्या तळटीपेत स्पष्ट दिसते. आपल्या महाविद्यालयांत ती अजूनही आहे, म्हणून इथे थोडा थांबलो.

आकड्यांचे झाले. अक्षरांचे काम यंत्राला शिकवणे निराळे होते. एमआयटीमध्ये जेम्स स्लॅगल या दृष्टिहीन विद्यार्थ्याने १९६१ मध्ये प्रबंधासाठी संकलने सोडवणारा कार्यक्रम लिहिला. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षांतली आणि इतर मिळून ८६ उदाहरणे त्याला दिली. दोन सोडून सगळी सुटली. माणूस जसा 'हे घालून पाहू, ते घालून पाहू' करतो तसा हा कार्यक्रम चाचपडत जाई. १९६७ मध्ये जोएल मोझेस यांनी चाचपडणे कमी करून पद्धतशीर उकल आणली आणि पुढच्याच वर्षी कार्ल एंगेलमन, विल्यम मार्टिन आणि मोझेस यांनी मॅक्सिमा या नावाशी जुळणारी, पण स्पेलिंगने निराळी अशी 'मॅकसिमा' प्रणाली आरंभली. दोन्ही नावांचे नाते पुढे येईलच.

दरम्यान एक भौतिकशास्त्रज्ञ वैतागला होता. मार्टिनस व्हेल्टमन हा डच संशोधक १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्रात मूलकणांची गणिते करत होता. शेवटी उत्तर चार ओळींचे, पण मधल्या टप्प्यावर हजारो पदे. एक चिन्ह चुकले की सगळे पाण्यात. त्याने हे बीजगणित करणारा कार्यक्रम लिहिला आणि नाव ठेवले 'स्कूनस्किप', म्हणजे डच भाषेत स्वच्छ जहाज, पसारा आवरणे. परक्यांना हे नाव उच्चारता येऊ नये हाही हेतू होता, असे तो मिस्कीलपणे सांगे. १९९९ मध्ये त्याला आणि त्याचा विद्यार्थी 'ट हूफ्ट याला नोबेल मिळाले. जवळजवळ त्याच सुमारास अँथनी हर्न यांनी 'रिड्यूस' लिहायला घेतले, तेही मूलकणांच्याच गणितांसाठी. क्लीव्ह मोलर यांचे मॅटलॅब सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू मेक्सिकोच्या विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता सारणींची गणिते करता यावीत म्हणून जन्मले. कॅल्टेकमध्ये भौतिकशास्त्रातली पदवी विशीत मिळवलेल्या स्टीफन वुल्फ्रम यांनी आधी एसएमपी आणि मग २३ जून १९८८ रोजी मॅथेमॅटिका आणले. या साऱ्यांची मुळे प्रयोगवहीत आणि रद्दीच्या कागदांत आहेत. कोणा व्यापाऱ्याने बाजार पाहून ही साधने काढली नाहीत.

बाजार नंतर आला. मॅकसिमा १९८२ मध्ये एका कंपनीकडे गेली. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले साधन परवान्यामागे गेले. एमआयटीने एक प्रत मात्र अमेरिकेच्या ऊर्जा खात्याला दिली होती. टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांनी ती प्रत त्या वर्षापासून जवळजवळ एकहाती सांभाळली, चुका दुरुस्त केल्या, नव्या यंत्रांवर चालवली. १९९८ मध्ये त्यांनी खात्याकडून ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देण्याची संमती मिळवली. तीच आजची मॅक्सिमा. शेल्टर २००१ मध्ये गेले. तालुक्याच्या गावातला मुलगा आज पैसा न मोजता जे संकलन सोडवतो त्यामागे ही सोळा वर्षांची राखण आहे. देवळाचा दिवा तेवत ठेवणाऱ्या गुरवाची आठवण मला त्यांच्याबद्दल वाचताना होते.

पुढची पिढी पायथन भाषेकडे वळली. कोलोरॅडोत भौतिकशास्त्राचा प्रबंध लिहिण्याऐवजी फर्नांडो पेरेझ या विद्यार्थ्याने २००१ मध्ये आयपायथनची सुरुवात केली; त्यातूनच ज्युपिटर ही गणित, आलेख आणि लेखन एकत्र ठेवणारी वही झाली. गुरूचे चार चंद्र गॅलिलिओने ज्या वहीत टिपले तिचे स्मरण त्या नावात आहे. प्राग येथे ओंद्रेय चेर्तीक या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने सिम्पाय सुरू केले. दोघेही विद्यार्थी, हे विशेष.

आपल्याकडे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी टिफ्रॅक बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला नाव दिले. चाळीस बिटांचे २०४८ शब्द, एवढी त्याची स्मृती. तिथून कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत यायला फार काळ लागला. मी नोकरीत असताना आमच्या महाविद्यालयात संगणक आले ते कुलपात. एका खोलीत, वर झाकणे, किल्ली कार्यालयात. प्रात्यक्षिकाच्या वहीत लंबकाच्या आलेखाला सरळ रेषा मात्र हातानेच काढायची. त्यामुळे मी हे शिकलो निवृत्तीनंतर. पवईच्या आयआयटीतून चालणारा मुक्त सॉफ्टवेअरचा उपक्रम आणि तिथलेच 'स्पोकन ट्युटोरियल' यांचा मला उपयोग झाला. सायलॅबचे धडे मराठीत ऐकताना 'सारणी', 'सदिश' हे शब्द संगणकातून येत होते, आणि पंचविशीतल्या मुलांच्या मागे पडल्याची भावना थोडी कमी झाली.

आता आठवड्यातून दोनदा माझ्याकडे पाच-सहा मुले-मुली येतात. एका जुन्या सहकाऱ्याने विचारले, "अहो, बटण दाबून उत्तर आले, मग ते शिकले काय?" आक्षेप गंभीर आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. वर्गात काय घडते तेवढे सांगतो.

पहिल्या दिवशी मी त्यांना फाइनमनचे कोष्टक हाताने करायला लावतो. दहा ओळी, वहीत. मग तेच पायथनमध्ये. सगळ्यात सोपी रीत ऑयलरची : आताच्या वेगाने जागा पुढे सरकवा, आताच्या प्रवेगाने वेग. एक मीटरचा लंबक, काळाची पायरी शतांश सेकंद. आलेख उमटतो, झुलतो, आणि मग कोणीतरी म्हणते, "सर, हा वर चढतोय." चढतोच. या रीतीत दर पायरीला ऊर्जा हजारात एक भाग वाढते. दहा सेकंदांत ती अडीचपटीहून जास्त होते. कोणी ढकलत नसता लंबक उंच जातो. यंत्राने बेरजेत चूक केलेली नाही. मग मुलांना स्वतःहून ऊर्जेचा आलेख काढावासा वाटतो. ऊर्जा अक्षय्य असते हे वाक्य त्यांनी नववीपासून पाठ केलेले. त्याचा उपयोग उत्तर तपासायला होतो हे त्यांना त्या दिवशी कळते.

दुरुस्ती एका ओळीची आहे. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने जागा. एवढ्याने लंबक ताळ्यावर येतो. ॲलन क्रोमर यांनी १९८१ मध्ये या रीतीवर निबंध लिहिला, तेव्हा ती ॲबी ॲस्पेल या शाळकरी विद्यार्थिनीला सापडल्याचे नमूद केले. रीत त्याआधीही वेगवेगळ्या नावांनी ठाऊक होती, पण शाळेच्या वयात ती हाती लागू शकते ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. त्या दिवशी मुली जरा ताठ बसतात.

मग मी प्रश्न देत नाही, तेच देतात. दोरीऐवजी रबर असेल तर? लंबक पाण्यात बुडवला तर? हे प्रश्न विद्यापीठाच्या एकाही प्रश्नपत्रिकेत नाहीत, आणि भौतिकशास्त्र म्हणून ते लहान कोनाच्या लंबकापेक्षा तसूभरही अवघड नाहीत. माझ्या सहकाऱ्याची काळजी मला पटते ती एका ठिकाणी : बीजगणिताचा हात मोडता कामा नये. चिन्ह कुठे बदलले हे ज्याला दिसत नाही त्याला यंत्राचे उत्तर चुकल्याचेही दिसणार नाही. दलोनेला तपासणारे तिघे बीजगणितात कच्चे नव्हते. म्हणून हाताच्या दहा ओळी मी सोडत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीने लंबक बरोबर एकशेऐंशी अंशांवर उभा केला, दांडीच्या टोकाशी सरळ वर, आणि सोडला. समीकरणाप्रमाणे तो तिथेच राहायला हवा. तिथे बल शून्य. पडद्यावर तो बराच वेळ तसाच उभा राहिला. आणि मग कोणी न ढकलता एका बाजूला कलला आणि धाडकन खाली आला. सगळे हसले, ती हसली नाही. तिने यंत्राला पायची ज्या विचारली. उत्तर शून्य आले नाही. दशांशचिन्हानंतर पंधरा शून्ये आणि मग बारा. यंत्रातला पाय सोळा-सतरा अंकांनी तुटलेला, म्हणून लंबक नेमका उभा नव्हताच. "म्हणजे सर, खरा लंबकही असाच पडत असणार," ती म्हणाली, "फक्त त्याला कोणता अंक कमी पडला ते आपल्याला दिसत नाही." मी तिला खडू दिला आणि तो किती सेकंदांनी पडेल ते आधी हाताने काढायला सांगितले.